लोखंड उत्तर देत नाही

"दोर सोडणार असशील तर पाण्यात उतरायचंच नाही," शालिग्राम म्हणाला आणि त्याने इंजिनाची चावी शर्टाच्या खिशात टाकली.

माणसं पाण्यात असताना बोटीचा पंखा फिरता कामा नये, हा त्याचा एक नियम. तो सगळ्यांना मान्य होता. भांडण दोरावरून होतं.

हजीऱ्याच्या कारखान्यांच्या चिमण्या मागे किनाऱ्यावर धूसर दिसत होत्या. बोट नांगरून उभी होती, आणि खाली पंचवीस मीटरवर बुडालेलं एक मालवाहू जहाज पडलं होतं. ते उचलण्याआधी आतून पाहून येण्याचं काम या पाच जणांकडे होतं. उतरणार होते शालिग्रामचा एकुलता एक मुलगा कुंदन आणि त्याचा जोडीदार अक्षय. पाणी चहासारखं गढूळ. हाताला हात दिसणार नाही असं.

"आबा, तठे आत दोर अडकस," कुंदन समजुतीने म्हणाला. "दोरमुळेच माणूस मरस."

"जहाजाच्या दाराशी दोन्ही दोर काढतो, काका," अक्षय म्हणाला. "कड्या एकमेकींत अडकवून कठड्यावर टाकतो. येताना सापडतात. सगळीकडे असंच करतात."

"सगळीकडे करू दे. इथे नाही."

दोघांचंही खरं होतं, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. आत दोर गुंतला तर माणूस अडकतो. दोर सोडला तर वरच्यांना त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय या पोरांच्या नव्या यंत्रात श्वास आतल्या आत फिरे, त्यामुळे पाण्यावर बुडबुडेही येत नसत.

"तुनी मायले मी काय सांगसू?" शालिग्रामने विचारलं.

कुंदन हसला. "बरं आबा. नई सोडस."

टोळीचा प्रमुख योगेश परभणीकडचा, शिकलेला. त्याचा दोरावर फारसा विश्वास नव्हता, घड्याळावर होता. साठ मिनिटांचा श्वास, चाळीस मिनिटांची मुदत. चाळीसला कोणी वर आलं नाही, तर दोर काहीही म्हणो, तयार बसलेला पंडित खाली जाणार. दोन दोर एका बाजूला सोडले की गुंततात, म्हणून त्याने कुंदनचा दोर उजवीकडे शालिग्रामला दिला आणि अक्षयचा स्वतः डावीकडे घेतला. मध्ये केबिन. एकाला दुसरा दिसत नव्हता, फक्त ऐकू येई.

दोघं उतरले. पाणी मिटलं.

दर पाच मिनिटांनी वरून एक झटका: बरा आहेस? खालून एक झटका: बरा आहे. चार झटके म्हणजे वर. शालिग्रामने वीस वर्षं सचिन गावच्या कापड कारखान्यात लूमवर काढली होती. त्या खडखडाटात तुटलेला धागा तो बोटांनी ओळखायचा. दोराच्या बाबतीत त्याला कोणी शिकवायला जाऊ नये.

पाचव्या मिनिटाला उत्तर आलं. दहाव्यालाही.

पंधरा व्हायच्या आत, शालिग्रामने काही विचारलंच नव्हतं, तरी दोराला एक झटका बसला.

तो चमकला. खालचा माणूस कधी आधी विचारत नाही. त्याने एक झटका देऊन उत्तर दिलं. मग त्याला हसू आलं. सकाळी भांडलेलं पोरगं आता बापाची विचारपूस करत होतं. त्याचा ऊर भरून आला.

"योगेश, कुंदन आज स्वतःहून विचारतोय बघ!"

केबिनपलीकडून आवाज आला, "अक्षयपण."

त्यानंतर दोर जास्तच बोलका झाला. शालिग्रामने विचारावं, तर लगेच उत्तर. विसरावं, तर खालून आठवण. इतक्या खाली, अंधारात, काम करणाऱ्या माणसाला इतकी सवड कशी, असं एकदा त्याच्या मनात आलं. त्याने ते झटकून टाकलं.

चाळीस मिनिटं झाली. पंडित शिडीवर जाऊन उभा राहिला.

"मुदत संपली, काका," योगेश ओरडला. "पंडितला सोडतो."

"जिता माणूस बोलतोय, आणि त्या अंधारात तिसरा कशाला घालतोस?"

"त्यांनी दोर काढले असले तर?"

"मग उत्तर कोण देतंय? कठड्याचं लोखंड? लोखंड उत्तर देत नाही, बाबा. तुझा दोर विचारून बघ."

शालिग्रामच्या दोराला झटका बसला. कुंदन पुन्हा विचारत होता. त्याने प्रेमाने उत्तर दिलं.

"बोलतोय," योगेश म्हणाला. त्याच्या आवाजातला ताण गेला. "बस, पंडित. थोडं थांबू."

पंडित बसला.

पंचेचाळीस. पन्नास. ओहोटीचं पाणी सरकू लागलं आणि बोट नांगराभोवती हळूच फिरली. दोर मात्र इमानेइतबारे बोलत होता. पंचावन्नाव्या मिनिटाला शालिग्रामलाही धीर धरवेना. काम गेलं खड्ड्यात, पोरगा वर येऊ दे. त्याने मोजून चार झटके दिले.

"काका, चार!" पलीकडून योगेश आनंदाने ओरडला. "अक्षय वर ओढा म्हणतोय!"

"ओढ, ओढ! मीही कुंदनला बोलावलंय!"

"पंडित, इकडे ये, हात लाव. एक... दोन..."

शालिग्रामने पाय रोवले आणि ओढायला दोर धरला. दोर आला नाही. उलट हातभर खाली गेला.

"तीन..."

आणखी हातभर गेला.

शालिग्रामने मूठ गच्च आवळली.

"अडकला!" योगेश ओरडला.

शालिग्राम केबिनच्या भिंतीकडे बघत राहिला. मग त्याने मूठ हळूच सैल केली.

"सुटला, काका! येतोय, येतोय!"