पुढच्या चार पेशी

चिवटबाईने श्वास रोखला आणि पातं टेकवलं. पातं म्हणजे भुवईचा एक केस, काचेच्या बारीक नळीत मेणाने रोवलेला. मोहरीएवढा बेडकाचा गर्भ कापायला पोलाद फार राकट पडतं. केस अर्थातच तिच्या मार्गदर्शक सरांचा. त्यांच्या भुवया इतक्या दांडग्या, की अख्ख्या प्रयोगशाळेची पाती त्यांच्यातूनच निघत. आज त्याच केसाने ती सरांचंच म्हणणं कापायला बसली होती, आणि सर तिच्या खांद्याशी उभे होते.

सरांचं म्हणणं साधं होतं. गोल गर्भ लांबतो, त्याला डोक्याची बाजू आणि शेपटाची बाजू येते, ती पुढच्या मूठभर पेशींमुळे. त्या आत सरपटत जातात आणि बाकीच्यांना आपल्यामागे ओढून नेतात. बावीस वर्षं ते हेच शिकवत आले होते. त्यांच्या पुस्तकात त्या पेशींवर ठसठशीत लाल बाण होता.

चिवटबाई म्हणायची, कुणी कुणाला ओढत नाही. दाराशी घोळक्याने उभी असलेली माणसं एकमेकांच्या मधे शिरत शिरत लांब रांग करतात, तशा पाठीकडच्या पेशी दोन्ही बाजूंनी एकमेकींत शिरतात. घोळका अरुंद होतो, म्हणून लांबतो. एवढं कळायला तिला तीन वर्षं लागली होती आणि सरांसमोर म्हणायला आणखी सहा महिने. सर रागावले नाहीत. तिला चिवटबाई हे नाव त्यांनीच ठेवलेलं, त्यामुळे ती माघार घेणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. मग त्यांनीच सुचवलं, की पुढच्या पेशी कापून टाक आणि पाठीचा तुकडा एकटा ठेव. लांबला, तर तू खरी. नाही लांबला, तर तुझी साडेतीन वर्षं पाण्यात. तिचा प्रबंधही त्यावरच अडला होता.

तुकडा सुटला. बशीतल्या मिठाच्या पाण्यात तो चौकोनी होऊन पडला. तिने त्यावर ठेवायला काचेची पातळ पट्टी उचलली.

"थांब," सर म्हणाले.

तिने पट्टी खाली ठेवली. सरांनी तिला बाजूला केलं आणि सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिलं.

"वरच्या कोपऱ्यात पुढच्या चार पेशी राहिल्यात. काढ त्या."

तिने पाहिलं. खरंच होत्या. त्या तशाच राहिल्या असत्या, तर तुकडा लांबला तरी कुणीही म्हटलं असतं, की ओढलं त्यांनीच. सरांचा बाण शाबूत राहिला असता. त्यासाठी सरांनी नुसतं गप्प बसायचं होतं.

"सर, पण त्या राहिल्या तर तुमचंच..."

"कळतं मला. कोपर टेकव आधी, मग काप."

असा माणूस आपल्याला गुरू म्हणून मिळाला, या विचाराने तिला भरून आलं. पण भरल्या डोळ्यांनी सूक्ष्मदर्शकात काही दिसत नाही, म्हणून तिने ते आवरलं, कोपर टेकवलं आणि एकेक करून चारही पेशी काढल्या.

पहिल्या तासात काही झालं नाही. दुसऱ्या तासातही तुकडा ढिम्म. चिवटबाईने डबा उघडला आणि तसाच बंद केला. दुपार कलायच्या आधी चौकोनाची एक कड जराशी पुढे सरली. तीनच्या सुमाराला चौकोन उरलाच नव्हता. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, आणि तो इवलासा तुकडा करंगळीसारखा निमुळता होत आपणहून लांबत चालला होता.

तिने उठून सरांना जागा दिली. 

सर स्टुलावर बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, त्यांची पाठ हलेना. शिपायाने आणून ठेवलेला चहा निवून गेला. शेवटी तिला राहवेना. मलाही बघू द्या ना जरा, असं ती हळूच म्हणाली.

"बस गं थोडी," सर डोळे न उचलता म्हणाले. "बावीस वर्षं चुकीचं बघितलंय मी. दहा मिनिटं बरोबर बघू दे."