पुन्हा लावा

"पुन्हा लावा!" असं म्हणून एर्ल ग्रोथने नुकताच विकत घेतलेला चेरीचा केक परत लिलावाच्या टेबलावर ठेवला, आणि शेडभर टाळ्या पडल्या.

गावचा आगीचा बंब आज शेडबाहेर गवतावर उभा होता. त्याच्या जागी टेबलं मांडून गाव जेवायला बसलं होतं, व्हर्नाच्या औषधासाठी. विमा कंपनीने ते नाकारलं होतं. शहरातलं धर्मादाय इस्पितळ निम्म्या दरात द्यायला तयार होतं, पण त्यातली अर्धी रक्कम सोमवारी भरली तरच. ती रक्कम फळ्यावर लिहिली होती, खाली आतापर्यंत जमलेला आकडा. व्हर्नाची मुलगी जोलीन जेवण सोडून फळ्याकडेच बघत होती.

लिलाव रॉय पुकारत होता. एरवी तो गुरांच्या बाजारात पुकारतो. "बघून घ्या मंडळी, हा लाथ मारत नाही, चारा मागत नाही! बोला!" केक जो घेई तो पैसे देई आणि केक परत करी. गावची रीतच तशी. इतक्यांदा विकला गेला तरी केकला अजून सुरी लागली नव्हती.

"लिपस्टिक कशाला लावलीस, आई?" जोलीन पुटपुटली. "लोकांना वाटेल, ही तर बरी आहे."

"आजारी दिसायचे वेगळे पैसे मिळतात का गं?" व्हर्नाने डोक्याचा रुमाल सारखा केला.

"बाराशे डॉलर." आवाज दाराकडून आला.

माना वळल्या. डेल्मर हाउझर. गावातला विमा एजंट. व्हर्नाची पॉलिसी त्यानेच उतरवली होती, तिच्याच स्वयंपाकघरात बसून, तिचाच केक खात. नकार आल्यापासून ती रस्त्यात दिसली की तो गाडी दुसऱ्या गल्लीत घाली.

"याला कुणी बोलावलं?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"मी," व्हर्ना म्हणाली.

रॉयने घसा खाकरला. "बाराशे एक वार. बाराशे दोन वार." या वेळी त्याला विनोद सुचला नाही. त्याने हातोडी आपटली. मग फळ्यावरचा जमलेला आकडा पुसला आणि नवा लिहिला. सोमवारची रक्कम भरत होती. मागे कुणीतरी टाळ्या वाजवू लागलं आणि एकटंच पडल्यावर थांबलं.

डेल्मरने चेक ठेवला. "पुन्हा लावा," तो केककडे न बघता म्हणाला आणि निघाला.

"नाही लावायचा," व्हर्ना खुर्चीला धरून उठली. "माझा केक म्हणजे काय वासरू आहे, या दावणीवरून त्या दावणीला? बस, डेल्मर."

तो बसला. तिने स्वतःच्या हाताने तुकडा कापला. मोठा. सगळं गाव बघत होतं.

"व्हर्ना, मी कंपनीला परत परत सांगितलं की..."

"खा आधी. किमोने माझ्या जिभेची चव नेली, पण हाताला आठवतं सगळं. दारच्या झाडाच्या चेरी आहेत. गोड झालाय ना?"

डेल्मरने घास घेतला. त्याचा जबडा एकदा थांबला, मग पुन्हा चालू लागला. डोळ्यांत पाणी आलं.

"तुझ्या आईच्या हातची चव आहे," तो व्हर्नाला म्हणाला.

आता रडून काय उपयोग, जोलीनच्या मनात आलं. सगळ्यांना तुकडे द्यावेत म्हणून तिने सुरी उचलली. पात्यावरचा लाल रस बोटाला लागला. तिने बोट तोंडात घातलं आणि दात आंबले. केकमध्ये साखर नव्हती. कणभरसुद्धा नव्हती.

तिने आईकडे पाहिलं. व्हर्ना डेल्मरच्या बशीकडे बघत होती. आजारपण आल्यापासून जोलीनने तिचा असा खुललेला चेहरा पाहिला नव्हता. डेल्मर बोटाने शेवटचा चुरा टिपत होता.

"अजून देऊ?" व्हर्नाने विचारलं.

जोलीनने सुरी तशीच धरून ठेवली.

डेल्मरने रिकामी बशी पुढे केली.