दोन ठोके

व्हायोलिनवादक सलिल इटलीत वाद्यदुरुस्ती शिकला, तेव्हा गुरूंची एक सवय त्यालाही लागली. वाद्य हाती आलं की कडेकडेने बोटाने ठोकून बघायचं. सांधा सुटलेला असेल तिथे आवाज पोकळ येतो.

पुण्यात वारज्याच्या आपल्या दुकानात त्याने समोर बसलेल्या हेमाकाकूंच्या दिवंगत यजमानांचं व्हायोलिन एकदा ठोकलं. आतून दोन ठोके आले.

काहीतरी निखळलं असेल म्हणून त्याने पातळ सुरीने वरची फळी अलगद उचलली. आत काहीच नव्हतं.

“हे घरी आले की दार दोनदा ठोकायचे,” काकू हसल्या. “बेल काय शोभेला लावलीय का, म्हणून मी रोज ओरडायचे.”

तेवढ्यात दुकानाच्या काचेच्या दारावर दोन ठोके पडले. बाहेर कुणीच नव्हतं.

काकूंनी पदर सारखा केला. “आले, आले,” म्हणत त्या उठल्या.