हिवरकरांचं गाव

थॉर्नटन साहेबाची मोजणीची जरीब-साखळी ओढता ओढता नत्थूजीचे केस पिकले होते. एकदा दुपारी झाडाखाली बसल्या बसल्या साहेबाने मोडक्यातोडक्या हिंदीत आपल्या आडनावाचा अर्थ सांगितला. थॉर्नटन म्हणजे काटेरी झाडांचं गाव. पूर्वजांनी ते सोडून तीनशे वर्षं झाली, पण गाव विलायतेत अजून नांदतं आहे आणि नाव घराण्याला चिकटलं ते चिकटलंच.

नत्थूजीला कोण आनंद झाला! "मंग तुमी आमचेच निघाले जी, साहेब! मी हिवरकर. आमच्या हिवऱ्यात बी हिवराच्या झाडाचे काटेच काटे. चाला, दाखवतो तुमाले."

रविवारी तो साहेबाला मोठ्या हौसेने नागपूरहून गावी घेऊन गेला. त्याच्या बायकोने, रुखमाबाईने, सडा घातला, ज्वारीची भाकर वाढली. साहेबाने दोन टेकड्यांमध्ये बशीसारखं बसलेलं गाव डोळे भरून पाहिलं, "बहुत अच्छी जगह" म्हणाला आणि खिशातली वही काढली.

तीन वर्षांत तिथे शहराच्या पाण्यासाठी तलाव झाला. बांधावर साहेबाच्या नावाचा दगड बसला, आणि लोक तलावाला नुसतं 'थॉर्नटन' म्हणू लागले.

नातीच्या सोयरिकीला आलेल्या पाहुण्यांनी रीतीप्रमाणे आधी गाव विचारलं. "हिवरकर म्हणता, तं हा हिवरा कुठं आला जी?"



नत्थूजीने मान खाली घातली. "थॉर्नटनखाली."