मागच्या सीटवरचं पोतं

उद्यापासून नर्स अंजूला लशींची पेटी घेऊन घाटातल्या पाड्यांवर मोटारसायकलनं एकटीनंच जायचं होतं. वळणांचा सराव नवऱ्याला मागं बसवून झाला होता, पण आता त्याचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणून त्याच्या जागी तांदळाचं पोतं बांधून तिनं घाटातलं वैशाखऱ्याचं वळण गाठलं. गाडी वळेचना, सरळ कठड्याकडे निघाली. कशीबशी थांबवून ती घरी परतली आणि नवऱ्याला म्हणाली, “तुमी मागं असलात का गाडी आपसूक वळते. पोतं झुकत नाय. म्हंजे गाडी तुमीच वळवायचात?” नवऱ्यानं मान खाली घातली. “मी कसला वळवतोय गो? वळण आलं का डोळे मिटून तुला धरायचो.” “मग वळणावर ‘घाबरू नको’ कोणाला म्हणायचात?” “मलाच.” अंजूनं पोत्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. मग पोतं त्याच्याशेजारी आपटलं. “आता याला धरून बसा,” म्हणत तिनं गाडीला किक मारली.