तीस सायकली

अठरावी सायकल पुसून झाली तेव्हा पंपकाकांनी कमरेवर हात ठेवून लांब श्वास सोडला. अजून एक उरली होती. हिरवी, मोडक्या घंटीची. तिचा मालक नोकरी सोडून गेला त्याला सहा वर्षं झाली. सायकल न्यायला काही तो फिरकला नाही. काका तिच्याजवळ उकिडवे बसले. सायकलीच्या आधी त्यांचे गुडघेच करकरले.

कचेरीच्या मागच्या अंगणातला हा स्टँड त्यांनी बावीस वर्षं राखला होता. वर पत्रा, खाली तीस सायकलींच्या खाचा, घामाघूम होऊन येणाऱ्यांसाठी एक न्हाणीघर आणि कपडे ठेवायला लोखंडी कप्पे. एके काळी इथे सायकल घुसवायला जागा मिळत नसे. ज्याचं चाक बसलेलं दिसेल त्याला काका हवा भरून द्यायचे, म्हणून ते पंपकाका. आता रोज येणाऱ्या सायकली अकरा. बाकीचे गाड्या घेऊन मोठे झाले असतील, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती. पुढचं फाटक इमारतीच्या दुसऱ्या अंगाला होतं. तिथून कोण येतं, कोण जातं, हे त्यांना कधी दिसलंच नाही. इथून दिसायच्या त्या तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या. सकाळी सात वाजता तिथे एकेक करून दिवे लागत. कोपऱ्यातल्या खिडकीत कुणाचा तरी निळा कोट टांगलेला असे. माणसं कामाची होती, यात शंका नव्हती.

मग महिन्यापूर्वी व्यवस्थापनाचं पत्र आलं. मोजणीत तीसपेक्षा कमी सायकली भरल्या तर स्टँड बंद. स्टँड बंद म्हणजे काकाही बंद, हे पत्रात लिहिलेलं नव्हतं. असलं काही लिहावं लागत नाही. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार?

म्हणून हा खटाटोप. लोकांनी टाकून दिलेल्या एकोणीस सायकली अडगळीतून बाहेर काढायच्या, पुसायच्या, हवा भरायची आणि रोज वेगवेगळ्या खाचांत लावायच्या. संध्याकाळी अकरा खऱ्या सायकली घरी गेल्या की या एकोणीस परत अडगळीत. मोजणी कोणत्या दिवशी होईल याचा नेम नव्हता, त्यामुळे एक दिवसही सुट्टी नाही. "परक्यांच्या सायकलींना तेलपाणी करताय," बायको म्हणाली होती, "आणि आपलं दार दोन वर्षं रडतंय, ते ऐकू येत नाही तुम्हाला." काकांनी कूस बदलली होती. बोलायलाही अंगात त्राण लागतं.

मोजणी करणार होते व्यवस्थापनाचे साहेब. काका साडेसहाला येत, तेव्हा साहेबांची गाडी आधीच अंगणात येऊन उभी असे. इतक्या पहाटे कामावर येणारा माणूस कुणाचं तरी वाटोळं केल्याशिवाय राहत नाही, असं काकांचं ठाम मत होतं.

ते आज दहा वाजता आले. हातात कागद, डोळे खोल गेलेले, दाढी अर्धवट. पेन्सिलीनं हवेत टिचक्या मारत त्यांनी एका टोकापासून मोजायला सुरुवात केली. काका न्हाणीघराच्या दाराशी उभे राहिले आणि मनातल्या मनात त्यांच्याबरोबर मोजू लागले.

"तीस," साहेब म्हणाले.

काकांचा जीव भांड्यात पडला. पण साहेब गेले नाहीत. ते खाली बसले. एका सायकलीच्या चाकावरून त्यांनी बोट फिरवलं. मग शेजारच्या. मग हिरवीच्या.

तेव्हा काकांच्या लक्षात आलं. मागच्या फाटकासमोर पाण्याचा नळ फुटला होता. पहाटेपासून रस्ताभर लाल चिखल. काका स्वतः फळीवरून तोल सावरत आत आले होते, वहाणा पायपुसण्याला घासल्या होत्या, आणि एवढं होऊन डोक्यात प्रकाश पडला नव्हता. अकरा सायकलींची चाकं चिखलानं माखलेली. एकोणीस सायकली लख्ख. इतकी मन लावून पुसलेली सायकल रस्त्यावरून आलेली असूच शकत नव्हती. अति तिथे माती म्हणतात; इथे नेमकी मातीच राहून गेली होती.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. खरं सांगायचं तर काकांना थोडं हलकंच वाटलं. उद्या साडेसहाला यायला नको.

"अकराच आहेत, साहेब," ते म्हणाले. "बाकीच्या मी उभ्या करतो."

साहेबांनी बोट रुमालाला पुसलं. कागद गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर मोठ्या आकड्यांत तीस लिहिलं.

"गुरुवारी मोठे साहेब स्वतः हा स्टँड आणि वरचे मजले बघायला येणार आहेत," ते उठत म्हणाले. "तेव्हा एवढ्या चकाचक ठेवू नका. चाकांना थोडा चिखल लावा."

या माणसाला काकांनी महिनाभर मनोमन शिव्या घातल्या होत्या. त्यांना भरून आलं, आणि भीतीही वाटली.

"साहेब, हे उघडकीला आलं तर तुमच्या नोकरीवर येईल. माझ्यासाठी कशाला?"

साहेबांनी मान वर करून तिसऱ्या मजल्याकडे पाहिलं. सगळ्या खिडक्यांत दिवे जळत होते. निळा कोट जागच्या जागी होता.

"तिथे आता कुणी बसत नाही, काका," ते म्हणाले. "दिवे रोज सकाळी मीच लावतो."