वीस वर्षांनी माफी

टीव्हीवरच्या मालिकांत शाळेच्या स्नेहमेळाव्याला एकेकाळची चष्मेवाली मुलगी सुंदर होऊन येते आणि तिला छळणारा मुलगा सगळ्यांसमोर तिची माफी मागतो. रत्नागिरीच्या पद्मजाला हे मनापासून पटायचं. आठवीत सलिलनं 'ढापणी, ढापणी' म्हणून तिला वर्षभर रडवलं होतं. २००६ साली त्यांच्या दहावीच्या बॅचचा मेळावा ठरला, तेव्हा तिनं चष्मा काढून लेन्स लावल्या आणि नवी साडी नेसून गेली.

सलिल खरंच हात जोडून समोर आला.

"सुलभा ना गो तू? येशील असं वाटलं नव्हतं. तुझ्या डब्यात रोज मासे, म्हणून आम्ही तुला 'बोंबील' म्हणायचो. त्यापायी तू नववीत शाळाच सोडलीस. वीस वर्षं मनाला लागून राहिलंय ते. माफ कर."

त्याचे डोळे भरून आले होते. आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. पद्मजानं नुसती मान हलवली.



आपला पिच्छा सुटावा म्हणून सुलभासाठी 'बोंबील' हे नाव सलिलला पद्मजानंच सुचवलं होतं.